पाच तुकड्यांचं आडनाव

आज सकाळपासून मळभ आहे. वारा अजिबात नाही. पाऊस पडून गेलाय की अजून यायचाय, हे आभाळालाच ठरवता येत नसावं. खाडीकडून चिखलाचा वास येतो आणि दारातच बसून राहतो. अशा हवेत माझा गंज ओला होतो, अंग जड होतं, आणि जुनं जुनं आठवायला लागतं.

मी एक पत्रा बोलतोय. दुर्गाबाईच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर आडवा पडलेला असतो मी. उडू नये म्हणून माझ्यावर एक वीट ठेवलीय. आज वारा नाही, तरी वीट आहेच.

मी शिकलेला नाही, हे आधी सांगून टाकतो. माझ्या अंगावर अक्षरं होती. अंगावर अक्षरं असली की लोकांना वाटतं, याला वाचता येत असेल. तसं नसतं. कपाळावरचं गोंदण ज्याचं त्याला कुठं दिसतं. माझ्या अंगावर काय लिहिलंय ते मला ऐकून कळलं, तेही एकदम नाही. तुकड्या-तुकड्यानं कळलं.

जन्माला आलो तेव्हा मी डबा होतो. कुठल्या कारखान्यात ते आठवत नाही. फार गोंगाट होता, आणि फार गरम होतं आत. मग माझ्यात तेल भरलं आणि मला वाशीच्या एका वाण्याच्या दुकानात आणून ठेवलं. तेव्हा वाशी नुकती वसत होती. इमारती उभ्या, पण निम्म्या खिडक्यांना पडदे नाहीत. रस्ता नवाकोरा आणि त्यावर माणसांपेक्षा कुत्री जास्त. बायका तेल घ्यायला यायच्या आणि भाव ऐकून अर्धंच घेऊन जायच्या. तेल संपलं. वाण्यानं मला एका पेंटरला देऊन टाकलं.

पेंटरनं मला कापलं, हातोडीनं ठोकून सपाट केलं. डब्याचा पत्रा झालो. मला वाटलं, चला, आता आत काही सांभाळायचं नाही. सुटलो. तसं काही झालं नाही, ते पुढं येईलच.

तिथं सुचित्राबाई आल्या. या वाशीच्या कॉलेजात झाडांचं शिकवायच्या. मुंबईची जागा सोडून नव्या इमारतीत राहायला आल्या होत्या. बोलायच्या हळू, पण बोललेलं सोडायच्या नाहीत. खाडीकाठच्या झाडांना नावाच्या पाट्या लावायच्या, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. मला पिवळा रंग लागला. त्यावर काळ्या रंगानं पेंटर लिहायला लागला आणि लिहिताना एकेक अक्षर तोंडानं म्हणायला लागला, जीभ जरा बाहेर काढून.

"राय... झो... फो... बाई, हे औषध आहे का?"

"झाडाच्या घराण्याचं नाव आहे. रायझोफोरेसी."

"एवढं मोठं? झाड केवढं आहे?"

"तुमच्या दुकानाएवढं."

"मग झाडापेक्षा नावच लांब आहे," पेंटर म्हणाला, आणि 'रे' काढल्यावर त्याच्या लक्षात आलं की माझ्यावर जागाच संपली. 'सी' उरला. त्यानं तो खालच्या ओळीत एकटाच काढला. बाईंनी पाहिलं. त्या म्हणाल्या, "राहू दे, वाचता येतंय." म्हणून माझ्या अंगावर चार तुकडे वर आणि एक खाली, असं ते नाव बसलं.

बाईंनी मला रबाळ्याच्या पलीकडच्या एका खाडीकाठच्या गावी नेलं. तिथं सगळी तिवरांची झाडी, आणि मध्येच एक कांदळाचं झाड. कांदळ पाहिलाय तुम्ही? त्याची मुळं बुंध्यापासूनच फुटतात आणि कमान करून चिखलात उतरतात. उकिडवा बसलेला म्हातारा हात टेकून उठायला बघतोय, असं ते झाड दिसतं. त्याच्या फांद्यांना लांब शेंगांसारखे कोंब लोंबतात. बी आईच्या अंगावरच रुजतं आणि चांगलं वीतभर वाढलं की मग खाली चिखलात उभं पडतं. बाईंनी मला खिळ्यानं ठोकलं नाही. झाडाला लागतं म्हणाल्या. तारेनं बांधलं.

बाईंची कॉलेजची मुलं यायची, ते नाव एका दमात म्हणायची आणि मध्येच अडखळायची. बाई सांगायच्या, "घाई करू नका. पाच पावलं टाका. राय. झो. फो. रे. सी." कोळंबी धरायला जाणारे गावकरीही थांबायचे. कुणी दुसऱ्या तुकड्यापर्यंत पोचायचं, कुणी तिसऱ्यापर्यंत, आणि मग पाण्याची वेळ झाली म्हणून निघून जायचं. बाईंखेरीज पुरं नाव म्हणून गेलेला माणूस त्या वेळी मी पाहिला नाही.

आता सितारामबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याचंच आहे.

त्या गावात खाडी आणि भातशेतीच्या मध्ये मातीचा बांध होता. बांधाला एका जागी तोंड होतं, त्याला उघाडी म्हणायचे. उघाडीला वरून टांगलेली लाकडी झडप. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जायचं. भरती आली की खाडीचं पाणी स्वतःच झडप लोटून बंद करायचं. साधी गोष्ट. पण ती झडप आणि तो बांध होता म्हणून आत भात पिकायचं, आणि दुर्गाबाईच्या दारातली विहीर गोड राहायची. खाडीपासून हाकेच्या अंतरावर गोड पाणी. अख्खं गाव त्या विहिरीवर.

सिताराम बांध राखायचा. त्याचा बाप राखायचा, म्हणून तो. बुटका, काळा, कमरेत जरा वाकलेला. मोठं उधाण येऊन गेलं की गावाची एक रीत होती. विहिरीचा पहिला पेला सितारामनं प्यायचा. तो घोट तोंडात धरायचा, डोळे मिटायचा, आणि बायका हंडे घेऊन गप्प उभ्या राहायच्या. मग तो गिळून म्हणायचा, "गोड हाय." तेव्हा कुठं हंडे विहिरीत उतरायचे. दुर्गाबाई त्याची शेजारीण, नवऱ्यामागे एकटी राहिलेली. तो पेला तीच भरून द्यायची.

पण मी तिथं गेलो तेव्हा दिवस वाईट होते. नवं शहर वसणार म्हणून जमिनी सरकारजमा होत होत्या. टेप घेऊन माणसं यायची, खुंट्या मारायची, पाटी लावायची. पाटी लागली की समजायचं, एवढी जागा गेली. सितारामच्या भाताच्या खाचरात अशी एक पाटी लागली होती आणि खाचर गेलं होतं.

माझं तोंड खाडीकडं, म्हणून बांधावरून मी दिसत नव्हतो; आणि एका सकाळी तो खाडीच्या बाजूनं येतो, तर कांदळाच्या झाडावर पिवळी पाटी.

तो बराच वेळ माझ्यासमोर उभा राहिला. त्यालाही वाचता येत नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांकडे नुसते बघत राहिलो. मग तो म्हणाला, "खाचर नेलं. आता खाडी बी नेता का रं?" आणि त्यानं तार पिळून मला काढलं.

रागानं फेकून देईल असं मला वाटलं. पण गरिबाच्या हातात पत्रा आला की तो फेकला जात नाही. झडपेचा एक कोपरा कुजला होता, तिथून पाणी झिरपायचं. सितारामनं मला दुमडलं नाही, नीट बसवलं आणि चार खिळे मारले. उलटा मारला, डोकं खाली. तेव्हापासून रोज भरती माझ्या तोंडावर आपटायची. पुन्हा सांभाळणं आलंच. डबा असताना आतलं बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं, आता बाहेरचं आत येऊ द्यायचं नव्हतं. खारं पाणी फार दमवतं. लाटेला निदान आवाज असतो. भरती गुपचूप येते आणि उरावर बसते.

काही दिवसांनी सुचित्राबाई आल्या. झाडावर पाटी नाही. त्या बांधावर इकडंतिकडं बघत फिरल्या. सिताराम झडपेला डांबर लावत बसला होता. गोटीराम नावाचा त्याचा एक दोस्त शेजारी विडी ओढत होता. याचं तोंड कधी गप्प नसायचं.

"काका, इथं एक पाटी होती," बाई म्हणाल्या.

"पाट्या रगड हायत," सिताराम मान वर न करता म्हणाला. "तुमाला कंची पायजे?"

बाईंचं लक्ष झडपेकडं गेलं. त्यांनी वाकून, मान पार वाकडी करून मला वाचलं. मग त्या खाली बसल्या, चिखलातच, आणि हसायला लागल्या. बराच वेळ हसल्या.

"बाय, हसायला काय झाला?" गोटीराम म्हणाला. "आमची जमीन जातेय."

"ही सरकारची पाटी नाही हो. मी लावली होती. यावर झाडाचं नाव आहे."

सितारामचा हात थांबला. "झाडाचं नाव तर कांदळ हाय. आमाला ठाव हाय. लिवाया कशाला पायजे?"

"कांदळ हे त्याचं नाव. हे आडनाव आहे," बाई म्हणाल्या. "सगळ्या जगात जिथं जिथं याचे भाऊबंद आहेत, त्या सगळ्यांचं हेच आडनाव. परक्या मुलखातल्या जुन्या भाषेतून केलंय. 'रायझो' म्हणजे मूळ. 'फोर' म्हणजे धरून ठेवणारा. आणि शेवटी 'एसी' लागलं की समजायचं, एकट्याचं नाही, अख्ख्या घराण्याचं नाव आहे. मुळं धरून उभं असलेलं घराणं."

सिताराम कांदळाकडं बघत राहिला. त्या कमानीसारख्या मुळांकडं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी उलटा, तोंडावर डांबराचा शिंतोडा.

"बघून ठेवलंय आडनाव कोनी तरी," तो म्हणाला. "मना वाटला, तुमी बी टेपवाल्या." आणि खिळे काढायला त्यानं पक्कड घेतली.

"राहू द्या, काका," बाई म्हणाल्या. "तिथं ती बरी आहे. झाडावर नुसती टांगलेली होती."

त्या दिवसापासून बाई मुलांना घेऊन आल्या की आधी झडपेकडं यायच्या, आणि ती पाच पावलं बांधावरच्या सगळ्यांच्या कानावर पडायची. मला वाटायचं, मला भेटायला येतात. तसं काही नसेल, पण वाटायचं.

मग भाद्रपद आला. पावसानं बांध भिजून नरम झाला होता आणि उघाडीपासून जरा अंतरावर त्याला खांड पडली. म्हणजे बांध फुटून माणूसभर वाट झाली. अमावास्येचं मोठं उधाण तोंडावर होतं. तोपर्यंत खांड बुजली नाही, तर खाडी सरळ विहिरीत.

पूर्वी अशा वेळी घरटी एक माणूस बांधावर यायचं. हाक मारावी लागायची नाही. बांधाची पाळी होती ती, लग्नाच्या आमंत्रणासारखी मानाची. पण आता सिताराम दारोदार फिरला आणि लोक ओट्यावरून बोलले, "जमीन गेली, आता बांध कोनाचा?" कुणी रबाळ्याच्या कारखान्यात लागलं होतं, त्याची शिफ्ट होती. सितारामचा मुलगा भगवान म्हणाला, "बाबा, उद्या तितं रस्ता होनार. तुमी माती कोनासाटी टाकता?"

"विहिरीसाटी," सिताराम म्हणाला.

तो एकटाच चिखल कापायला उतरला. दुर्गाबाई पदर खोचून आली. गोटीराम आला, नुसती गंमत बघायला म्हणून. मग कान्हा आला, मासे मारणारा, तोंडानं गप्प माणूस. आणि भागीरथी आली, तिच्या अंगणातूनच पाण्याची वाट जाणार होती. एवढेच.

काम असं असायचं. एकानं खाडीच्या चिखलात उभं राहून चिखलाचा गोळा कापायचा आणि वर द्यायचा. तो हातोहात सरकत खांडीपर्यंत जायचा. शेवटच्यानं तो बसवायचा आणि थापटायचा. पाच माणसं, पाच हात. पण ताल बसेना. एक घाई करी, दुसरा मागं राही, गोळा मध्येच पडे. सितारामची कंबर धरली. गोटीरामनं दोनदा गोळा पायावर पाडून घेतला आणि सांगितलं की आपण चाललो.

तेव्हा सिताराम चिखलातून ओरडला, "राय!" आणि गोळा कान्हाच्या हातात टाकला.

कान्हा नुसता बघत राहिला.

"अरं, पुढचं म्हन. त्या मास्तरीन बायचं. पाटीवरचं."

"झो," कान्हा पुटपुटला आणि गोळा पुढं दिला.

"फो," गोटीराम म्हणाला. "थू. सगल्यात घाण तुकडा माज्याच वाट्याला."

"रे," भागीरथी हसत म्हणाली.

दुर्गाबाईनं गोळा खांडीत आपटला. "सी."

आणि बसला ताल. राय, झो, फो, रे, सी. राय, झो, फो, रे, सी. गोळा सरकायचा आणि नाव सरकायचं. कुणी मध्येच पाठ टेकली की नाव अर्धं राहायचं, आणि अर्धं नाव ऐकवत नाही, म्हणून ज्याच्या त्याच्या हातात पुन्हा जोर यायचा. मी झडपेवरून ऐकत होतो. माझ्या अंगावर लिहिलेलं अख्खं, न अडखळता, बाईंशिवाय दुसऱ्या कुणाकडून पहिल्यांदाच ऐकलं. एका तोंडून नव्हे, पाच तोंडांतून. मला तेव्हा कळलं की ते वाचायचं कसं असतं.

आवाज गावात गेला. लोक ओट्यावरून उठून बघायला आले, हे काय नवीन. कुणी तरी 'फो'च्या जागी उभं राहिलं तर गोटीराम भांडला, "माजा तुकडा हाय तो, माजी जागा सोड." दुपारपर्यंत दुसरी रांग उभी राहिली, मग तिसरी. कारखान्यातून शिफ्ट सुटलेले कपडे न बदलता उतरले. भगवान सगळ्यात शेवटी आला आणि मान खाली घालून बापाच्या शेजारी चिखल कापायला लागला.  बापानं जरा बाजूला सरकून पोराला जागा दिली.

सुचित्राबाईही आल्या. बांधावर उभं राहून त्यांनी ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, की घाम होता, मला इतक्या लांबून दिसलं नाही.

"पुस्तकात शेवटी अजून एक तुकडा आहे," त्या म्हणाल्या. "काही लोक 'सी'च्या पुढं 'ई' म्हणतात."

"मग उतरा की," गोटीराम म्हणाला. "तुमचा तुकडा हाय. आमी काय ठेवून घेत नाय."

बाईंनी चपला काढल्या. दुर्गाबाईच्या पुढं उभ्या राहिल्या. गोळा आला, हातात पडला, आणि त्यातून एक निवटा, चिखलात राहणारा मासा, उडी मारून त्यांच्या मनगटावर आला. "ई," बाई म्हणाल्या, अगदी पुस्तकातल्यासारखं. बांधभर हसणं पसरलं. कान्हासुद्धा हसला.

खांड बुजली. शेवटचा गोळा दुर्गाबाईनं थापटला, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "सी. झाला बांध. बसा आता." आणि सगळे जिथल्या तिथं बसले. त्यानंतर बाईंच्या सांगण्यावरून बांधाच्या पायथ्याशी, खाडीच्या बाजूला, प्रत्येकानं कांदळाचे पिकलेले कोंब खोचले.

उधाण आलं. त्या दिवशी माझ्यावर जेवढं पाणी आपटलं, तेवढं पुन्हा कधी नाही. खिळे करकरले. मी धरून राहिलो. दुसऱ्या दिवशी विहिरीवर गाव जमलं, ते मी गोटीरामच्या तोंडून ऐकलं. दुर्गाबाईनं पेला भरला. सितारामनं घोट तोंडात धरला, डोळे मिटले. एवढी माणसं, पण कोंबड्यांशिवाय कुणाचा आवाज नाही. मग तो म्हणाला, "गोड हाय."

पुढं काही वर्षं तसंच चाललं. दर साली बांधावर तेच नाव चालायचं. पण रांगा आखूड होत गेल्या. गोटीराम दम्यानं गेला. शेवटच्या दिवशी म्हणत होता, माझा तुकडा चांगल्या माणसाला द्या. कान्हानं होडी विकली आणि वाशीच्या घाऊक बाजारात हमालीला लागला. भागीरथी लेकीकडं गेली. चार माणसांत पाच तुकडे म्हणता येतात, तिघांत ओढून-ताणून. दोघांत नाही. नुसती माती टाकता येते, आणि ती सिताराम आणि दुर्गाबाई टाकत राहिले.

गावात नळ आला. चांगलं झालं, बायकांचं ओढणं वाचलं. मग खरंच रस्ता आला. डंपर आले आणि बांधावर भराव टाकून गेले. उघाडीच्या जागी सिमेंटचा मोठा पाइप घातला. सिताराम तिथं उभ्या असलेल्या मुकादमाला विचारत होता, "साहेब, याला झडप?"

"कशाला झडप, बाबा? नळाला पाणी येतं ना आता?"

"भरती आत येईल."

"येऊ दे, जाईल परत," मुकादम म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. त्याला पुढचा पाइप घालायचा होता.

सितारामनं जुनी झडप ओढून बाहेर काढली. लाकूड पार कुजलं होतं. त्यानं चारही खिळे उपटले, मला मोकळं केलं, धुतलं आणि दुर्गाबाईच्या दारात आणून दिलं. "खुराड्याला होईल," एवढंच म्हणाला. त्याच पावसाळ्यानंतर भगवानला बेलापूरच्या एका ऑफिसात शिपायाची नोकरी लागली. तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. मुलगा म्हणाला, चला. सिताराम गेला. जाताना विहिरीत वाकून बघितलं त्यानं.

विहीर पहिल्यांदा कधी खारी झाली ते मला माहीत आहे. खुराडं विहिरीला लागून आहे. एका उधाणानंतर दुर्गाबाईनं सवयीनं पोहरा काढला, घोट घेतला आणि थुंकला. परत घेतला, परत थुंकला. मग ती काठावर बसून राहिली. पाइपाला झडप नाही. रोज थोडं थोडं येतंच असणार. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कुणाला. गाव नळाचं पाणी पितं.

पण सिताराम येतो. प्रत्येक मोठ्या उधाणानंतर बेलापूरहून बस पकडून येतो. आता दोन ठिकाणी थांबत थांबत येतो, काठी टेकत. आणि त्या दिवशी सकाळी दुर्गाबाई नळाचा हंडा भरून आत झाकून ठेवते. रात्रभर माठात ठेवते कधी कधी, औषधाचा वास उडावा म्हणून.

तुमच्याकडं माझं एवढंच मागणं आहे. कधी या वाटेनं आलात, आणि काठीवाला बुटका म्हातारा दिसला, तर विहिरीचा विषय काढू नका. रस्त्याच्या पलीकडं बघा हवं तर. तेव्हा खोचलेले कोंब आता डोक्यावर गेलेत. खाडीच्या बाजूला कांदळाची रांगच्या रांग उभी आहे, मुळं रोवून. ते बोललं तर चालेल. ते खरं आहे.

माझं आता थोडंच राहिलंय. वीट ठेवतात तिथं भोक पडायला आलंय. पिवळा रंग गेला. वरची ओळ गंजानं खाल्ली, चारही तुकडे गेले. खालचा एकटा 'सी' तेवढा आहे, पेंटरला जागा पुरली नाही म्हणून उरलेला.

काल उधाण होतं. म्हणून आज या मळभात सिताराम आला. घामानं निथळत होता. विहिरीजवळ आला, पण वाकून बघितलं नाही. खुराड्याशेजारी बसला आणि हात माझ्यावर टेकला. दुर्गाबाईनं आतून पेला आणला. पदराआड धरून आणला, आणि विहिरीच्या काठाशी क्षणभर थांबून मग त्याच्यासमोर धरला.

त्यानं घोट तोंडात धरला. डोळे मिटले. फार वेळ धरला. त्याला कळलं का, ते मला सांगता येणार नाही. जन्मभर पाणी चाखलेला माणूस तो. त्यानं घोट गिळला, सगळा पेला संपवला, आणि उपडा करून माझ्यावर ठेवला.

"गोड हाय," तो म्हणाला.

"हाय ना," दुर्गाबाई म्हणाली, दुसरीकडं बघत.

 सितारामचं बोट माझ्यावरून फिरत होतं, गंजावरून, जिथं अक्षरं होती तिथून. हलक्या आवाजात, श्वास घेत घेत तो म्हणायला लागला, "राय... झो... फो... रे..." आणि थांबला. गेलेल्यांचे तुकडे त्यानं म्हटले, पण पुढचा दुर्गाबाईचा होता.

दुर्गाबाई त्याच्या शेजारी खाली बसली. पदरानं हात पुसले.

"सी," ती म्हणाली. "झाला बांध. बसा आता, दादूस."